दहाव्याचे काळे तीळ

आई, तुझ्या दुकानात जाऊन आलो. तू गेल्यापासून त्या रस्त्याने मी सरळ असा कधी चाललोच नव्हतो. कोपरा आला की पलीकडच्या फुटपाथवर जायचं, दुकान मागे पडलं की परत अलीकडे यायचं. ही सवय इतकी मुरली आहे की तुझी लेक छोटी सोबत असली तर तीच माझ्याआधी रस्ता ओलांडते आणि का ते विचारत नाही. कारण तसं साधं आहे. त्या दुकानाच्या मागच्या दारातून धान्याच्या धुळीचा जो वास येतो तोच तुझ्या पदराला यायचा. तू घरी आलीस की मी आधी पदरात तोंड खुपसायचो आणि तू म्हणायचीस, "सोड रं, धूळ जाईल नाकात." धूळ तुझ्याच नाकात गेली. घाटकोपरच्या या डोंगरावर चढताना तू दर वळणावर थांबायचीस, भिंतीला हात लावून खोकायचीस, आणि मी विचारलं की म्हणायचीस, "काही नाही, दम खाते." मला ते तेव्हा खरंच वाटायचं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवसा मी स्टेशनजवळच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात बसतो. भाडेकरार, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, असं सगळं टाईप करतो. बारावी पूर्ण झाली नाही ती नाहीच, पण मालक म्हणतात की शुद्धलेखन तपासायचं असेल तर पोराकडे द्या. संध्याकाळी तिथून सुटलो की दुसरं काम. लोक हल्ली घरबसल्या फोनवरून किराणा मागवतात. तो मागवलेला किराणा मोठ्या दुकानात जाऊन कुणीतरी एकेक करून निवडायचा, बिल करायचं, पिशव्या भरायच्या आणि घरी नेऊन द्यायचा. ते कुणीतरी म्हणजे मी. छोटीच्या कॉलेजसाठी सुरू केलं होतं, आता सुटत नाही. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "म्हंजे लोकायचा बाजार आता तू करतूस व्हय?" हो, करतो. आणि तुला सांगायला हरकत नाही, चांगला करतो. अंड्यांचं खोकं उघडून प्रत्येक अंडं फिरवून बघतो. टोमॅटो दाबून नाही, उचलून बघतो, जड लागला तर घेतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतो. बरोबरची पोरं माझी टिंगल करतात. "अरे यार, तू भेंडी घेतोयस की मुलगी बघतोयस? पसंत असेल तर घे ना, लेट होतंय!" मी हसतो, पण भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. चुकीचं काही कुणाच्या घरी जाईल ही भीती मला सतत असते. पिशवी देऊन झाल्यावर जिना उतरतानाही असते.

ही भीती कुठून आली तेही मला माहीत आहे. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तुझ्याकडे यायचो. दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही बायका गोणपाटावर बसलेल्या असायचात, प्रत्येकीपुढे सूप, मधे तांदळाचा ढीग. पाखडणं, घोळणं, निवडणं, सगळ्यांचे हात एकाच तालात. एके दिवशी मी तांदळाच्या उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आतून इतकं गार लागत होतं. तू सूप खाली ठेवलंस, उठलीस आणि सगळ्यांच्या देखत हातावर फटका मारलास. "काहून हात घातलास? लोकायच्या तोंडात जाणारं हाय ते. हात धुतलेस का?" मी रडलो. तू जवळ घेतलं नाहीस, बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलंस. मी आजही दुकानात शिरताना आधी हात धुतो, आई. कुणी बघत नसलं तरी.

आणि दुसरी गोष्ट, तो शब्दकोश. मी सातवीत असताना तू रद्दीवाल्याकडून तो आणलास, पुठ्ठा गेलेला, शेवटची काही पानं वाळवीने खाल्लेली. तू त्याला म्हणे सांगितलंस, "ज्यात समदे शब्द असतात ते पुस्तक दे." रात्रीचं जेवण झालं की तू घरची डाळ घेऊन बसायचीस आणि मी वही घेऊन. तुला अक्षर येत नव्हतं, पण तू विचारायचीस, "खडा निघाला का रं?" चुकलेल्या शब्दाला तू खडा म्हणायचीस. मी शब्दकोशात बघून सांगायचो, निघाला, दीर्घ हवा होता. "काढून टाक मग," असं म्हणून तू तुझा खडा दाराबाहेर फेकायचीस. आम्हाला जे काय शिकवलं ते तू असं शिकवलंस. हसत-खेळत नाही. तू घरात कमी बोलायचीस, थकलेली असायचीस, आणि माझ्या डोक्यात तुझा जो चेहरा आहे तो दिव्याखाली मान घालून बसलेला, ओठ मिटलेला असा आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

झालं असं. पितृपंधरवडा नुकताच संपला होता. संध्याकाळी एक ऑर्डर आली, गावठाणापलीकडच्या एका इमारतीतली. तांदूळ, तूप, मध, जवाचं पीठ, पत्रावळी, द्रोण, सुपाऱ्या, कापूर, काळे तीळ. खाली एक ओळ लिहिली होती, उद्या पहाटे निघायचं आहे, कृपया आजच द्या. पूजेच्या ऑर्डरी आम्हाला नेहमी येतात, सत्यनारायण, वास्तुशांत, गणपतीत तर रोजच. त्यामुळे मला वेगळं असं काही वाटलं नाही. सगळं मिळालं, काळे तीळ मात्र नाहीत. पंधरवड्यात सगळे उचलले गेले होते आणि नवीन माल यायचा होता. आमच्या कामात अशा वेळी गिऱ्हाइकाला फोन करायचा, नाही उचलला तर जवळचा पर्याय आपणच निवडायचा. मी फोन केला, वाजून वाजून बंद झाला. परत केला, तेच. मग मी तिळांच्या फळीसमोर उभा राहून तिथली सगळी पाकिटं उजेडाकडे धरून पाहिली आणि त्यातलं सगळ्यात स्वच्छ, टपोरं, पांढऱ्या तिळांचं पाकीट निवडलं. मनात म्हटलं, काळ्यांपेक्षा हे दिसायलाही छान आहेत. खूष होतील.

बिलाच्या काउंटरवर एक काकू बसतात, मालवणकडच्या. गिरणी बंद पडल्यावर नवऱ्याचं काम गेलं तेव्हापासून काही ना काही नोकरी करतायत. माझ्या पिशवीतून एकेक वस्तू काढून मशीनसमोर धरत होत्या, पांढरे तीळ हातात आले आणि थांबल्या.

"अरे झिला, ह्या कसला सामान असा, कळता तुका?"

"पूजेचं असेल ना काकू."

"पूजेचा? जवाचा पीठ, पत्रावळी, काळे तीळ, आणि उद्या पहाटे निघूचा असा! मेल्या, ह्या दहाव्याचा सामान. माणूस गेलेला असा त्यांच्या घरात. आणि तू थंय पांढरे तीळ नेऊन काय संक्रांत करतलस?"

मागे रांगेत उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. "आमच्यात हे नसतं काकू," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं." त्यांचा आवाज लगेच खाली आला. "असूदे. तुझी काय चूक नाय. पण ह्या नेव नको. मोकळ्या हातान गेलंस तरी चलात, पण ह्या नको." आणि पाकीट त्यांनी काउंटरखाली टाकलं, जणू मी परत उचलून घेईन.

मी "माहीत नव्हतं" म्हणालो खरा, पण पिशव्या घेऊन बाहेर आलो आणि सायकलपाशी उभा राहिलो तेव्हा मला आठवलं की मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. भादव्यात दुकानात काळ्या तिळांची पोती यायची आणि तुम्ही बायका दिवसभर तेच निवडत बसायचात. तू म्हणायचीस, समद्यात अवघड हेच. तांदळातला खडा दिसतो, पण काळ्यात काळं कसं दिसावं? हे डोळ्यानं नाही, कानानं निवडायचं. सूप घोळायचं आणि ऐकायचं. तीळ सरकतो, खडा वाजतो. मी तुझ्या शेजारी बसून सुपाला कान लावला होता आणि विचारलं होतं, "लोकांना हे एवढे कशाला लागतात?"

"त्यायच्या गेलेल्या माणसाला पाणी देतात ह्यातून."

"मग आपल्या गेलेल्यांना?"

"तुझ्या आजोबानं दीक्षा घेतली तवापासून आपल्यात ते नसतं. आपण आपल्या माणसाची आठवण ठेवायची. तेवढं पुरतं."

तेवढं पुरतं. आणि मी तेच विसरलो होतो. काकूंनी हटकलं नसतं तर कायमचं विसरलो असतो. सायकलचं हँडल धरून उभा असताना मला दहाव्याची काळजी नव्हती, खरं सांगतो. दुसरीच भीती वाटली. हे गेलं होतं तर आणखी काय काय गेलं असेल? जे गेलंय ते गेलंय हेसुद्धा कळत नाही. पप्पा तुझा विषय काढत नाहीत, छोटी तेव्हा लहान होती, तिच्याकडे तुझं काही नाही. घरात तुझी आठवण ठेवणारा मी एकटाच आहे आणि माझं पोतं खालून फाटलेलं आहे.

आसपासची दुकानं केली. एकाकडे नाही, दुसऱ्याकडे नाही, तिसरा म्हणाला सोमवारी या. चौथ्याने तर हसून विचारलं, "आता पक्ष संपला, आता कुणाला जेवायला घालतोस?" आता एकच दुकान राहिलं होतं, जिथे पोत्याच्या तळाशी का होईना पण सगळं असतं. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. उगाच बाकीची फिरत होतो.

कोपऱ्यावर आलो आणि रस्ता ओलांडला नाही. मागच्या गल्लीत गेलो, कारण पुढच्या काउंटरवर शेठचा मुलगा बसतो आणि तो सुटं विकत नाही. मागचं दार उघडंच होतं. वास आला, तोच. मी सायकल भिंतीला टेकवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं, दोन पावलं गेलो आणि मान वळवून पुन्हा एकदा बघितलं. आतून कुणीतरी जोरात हसलं.

दाराशी गोणपाटावर एक म्हातारी बसली होती. आता तिथे बाकी कुणी नसतं, माल पाकिटातच येतो, ती एकटीच उरली आहे सुटं धान्य बघायला. पुढ्यात सूप. डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. "ये, इकडं ये," ती म्हणाली. "तू तिचाच की रं. जालन्यावालीचा."

मी म्हणालो, "तुम्ही कसं ओळखलंत?"

"चेहऱ्यावरून न्हाई बाबा. मला आता चेहरं कुठं दिसत्यात? त्या कुलपावरून. दोनदा वडलंस, मग मुंडी फिरवून बघितलंस. आरं, रोज बघितलंय मी हे. तू शाळेतनं यायच्या आदी तुझी आय करून दावायची."

मी विचारलं, "काय करून दाखवायची?"

आई, ती बाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून उठली, आणि हवेतलं कुलूप तिने दोनदा ओढलं. मग दोन पावलं पुढे, मग एकदम थांबून, खांदे वर करून, मान वळवून डोळे बारीक केले. तो मी होतो. शाळेत जाताना घराचं कुलूप लावणारा मी. "आन् मग म्हनायची," ती परत खाली बसत म्हणाली, "माझं पोरगं चोराला घाबरत न्हाई, कुलपालाच घाबरतं. कुलूप म्हनंल, दादा आता बास कर, लागलोय मी! आमी हसून हसून आडव्या. शेठ यायचा बाहेरनं, काय चाललंय म्हनून. तर ती त्याच्यामागं उभी ऱ्हाऊन त्याचीच चाल करायची, पोट फुडं काढून."

मी म्हणालो, "माझी आई?"

"तर कुनाची? लई हसवायची रं. ती गेली तवापासून ह्या खोलीत कुनी तसं हसलं न्हाई." तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "घरी न्हाई व्हय करायची?"

मी म्हणालो, काळे तीळ हवेत मावशी, कुणाच्या तरी दहाव्याला. कोपऱ्यातल्या पोत्याच्या तळातून तिने ओंजळभर तीळ सुपात घेतले आणि घोळायला लागली. मान एका बाजूला कलती, ऐकते आहे अशी. मला क्षणभर तुझीच मान दिसली. "तिच्यागत कान न्हाई माझा," ती म्हणाली. "तिला खडा वाजायच्या आदी कळायचा." आणि सूप फिरवता फिरवता ती बोलत राहिली. दिवाळीच्या आधी तू मोठ्या गिऱ्हाइकांच्या घरी निवडलेलं धान्य पोचवायला जायचीस, ते सांगत होती. ते मला आठवतं. तू मला सोबत न्यायचीस. एका घरी दार उघडणारी बाई नेहमी दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, "खाली ठेव गं. तिथंच. उंबऱ्याबाहेर." तू ठेवायचीस. ती मग आतून तांब्या आणून पिशवीवर पाणी शिंपडायची आणि मगच उचलायची. मी तुझा पदर धरून उभा असायचो आणि जिना उतरताना तुझ्याकडे बघायचो नाही. तुला रडू येत असेल असं मला वाटायचं, आणि ते मला बघायचं नव्हतं. इतकी वर्षं मी कुणाच्याही दारात "खाली ठेवा" ऐकलं की माझ्या पोटात तो जिना येतो. हल्ली लोक सरळ मनाने म्हणतात, हात ओले असतात, मूल कडेवर असतं, मला कळतं ते. तरी येतो.

"त्या तांब्यावालीची तर अशी नक्कल करायची," मावशी म्हणाली, "की विचारू नगंस. पदर नाकाला लावून, चवड्यावर उभी ऱ्हाऊन, खाऽऽली ठेव गं! आन् मग सगळ्या डाळीवर पानी शिंपडल्यागत करायची आन् म्हनायची, घ्या, समदं धान्य आंबाडी गावच्या बौद्धवाड्याच्या पोरीनं निवडलंय, आता पानी मारा नायतर आत्तर मारा!" ती हसता हसता खोकायला लागली. सूप मांडीवर ठेवलं. "आरं, रडतूस कशापायी? हसायची ती. मी हसायचं सांगतीया तुला."

पुडी तिने वर्तमानपत्रात बांधली, दोऱ्याचे दोन वेढे देऊन, तुम्ही बांधायचात तशी. "खडा न्हाई ह्यात," म्हणाली. "सांग त्यास्नी."

इमारतीत लिफ्ट होती. पाचव्या मजल्यावर एका दाराबाहेर चपलांचा ढीग, दार अर्धवट उघडं, आत जमिनीवर कोपऱ्यात दिवा लावलेला, फोटो अजून आलेला नसावा. माझ्याच वयाचा एक मुलगा बाहेर आला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, अनवाणी. मी पिशव्या पुढे केल्या आणि तो दोन पावलं मागे सरला.

"खाली ठेवा. तिथंच, बाहेर."

माझ्या पोटात जिना आला. मी वाकलोसुद्धा. इतक्या वर्षांची सवय, शरीर आपोआप वाकतं. तेवढ्यात तो घाईने म्हणाला, "सॉरी हां, म्हणजे तसं नाही. आम्हाला सुतक आहे. तुम्ही आम्हाला शिवू नका. तुम्हाला अजून चार घरी जायचं असेल, त्या लोकांना चालणार नाही ना."

मी वाकलेला तसाच थांबलो. आई, तो स्वतःबद्दल बोलत होता. त्या घरातले सगळे दहा दिवस शिवायचे नव्हते आणि तो मला जपत होता.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"आई."

मला तुझ्या वेळचं आठवलं. घरात भंतेजी आले, वंदना झाली, मेणबत्ती लावली, आणि काकांनी सगळ्यांना सांगितलं की आपल्यात सुतक नसतं. पप्पा दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ते बरोबरच होतं. आजोबांनी जे सोडलं ते समजून सोडलं, मी ते मानतो. पण तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला वाटत होतं की दहा दिवस तरी मला कुणी शिवू नये. येणाऱ्याला लांबून कळावं, या घरातली आई गेलीय.

मी सरळ उभा राहिलो. "आमच्यात सुतक नसतं," मी म्हणालो. "घ्या, हातात घ्या."

मग त्याने हात पुढे केला. मी आधी पिशव्या दिल्या, मग तिळांची पुडी वेगळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटेपर्यंत माझा हात काढला नाही. त्याचा हात गार होता. म्हणाला, "हे वेगळं का?"

"दुकानात नव्हते. दुसरीकडून आणले. निवडलेले आहेत, यात खडा नाही."

"थँक्यू. तुम्ही पांढरे आणले असते तरी मला कळलं नसतं." तो पुडीकडे बघत होता. "हे सगळं आईला माहीत असायचं. कुणाचं काय करायचं, काय आणायचं. उद्या काय काय लागेल ते तिलाच विचारावं असं सारखं वाटतंय."

आतून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मला त्याला सांगायचं होतं की तुझी आई जिथे जिथे जायची, ज्यांच्या ज्यांच्याशी बोलायची, त्या सगळ्यांना आत्ताच विचारून ठेव. घरातली आई अख्खी नसते. पण हे दारात उभं राहून सांगता येत नाही. मी जिन्याने खाली आलो. लिफ्ट होती तरी जिन्याने. तेव्हा तुझ्याबरोबर उतरताना तुझ्याकडे बघितलं नाही, तो जिना निराळा, ती इमारत आता पाडलीसुद्धा. तरी प्रत्येक मजल्यावर मी मान वर करून शेजारी बघितलं. तू तेव्हा रडत नव्हतीस तर. तू त्या बाईचा आवाज पाठ करत होतीस, दुकानात जाऊन म्हणायला. मी मान वर केली असती तर कदाचित मलाच पहिल्यांदा करून दाखवलं असतंस.

मावशीकडे मी परत जाणार आहे. घ्यायचं काही नाही. तिच्याकडे तुझं अजून काय काय आहे ते विचारायचं आहे आणि तिचं वय झालं आहे. छोटीलाही नेणार आहे. तिला मी काल तो कुलपाचा किस्सा सांगितला. मला जमला नाही, मावशीसारखा नाही जमला, तरी ती इतकी हसली की पप्पांनी आतून विचारलं काय झालं. छोटीने तोंडावर हात दाबला. मग पप्पाच हळूच म्हणाले, "तुझी आई माझी पण नक्कल करायची."

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. गावाहून आलेली सगळी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, तसं हेही मीच वाचलं, दोनदा. खडे काढले आहेत. आता ते शब्दकोशात ठेवून देतो, वाळवीने खाल्लेल्या पानांच्या जागी.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी निघताना कुलूप लावलं, दोनदा ओढलं, दोन पावलं गेलो, मान वळवून बघितलं. मग परत मागे गेलो आणि तिसऱ्यांदा ओढलं. कुलूप लागलं होतं, मला माहीत होतं. कुणी हसतंय का ते बघायला ओढलं.